सेलमचे चेटूक खटले (१६९२-९३): कारणे, प्रक्रिया आणि परिणाम



या पाठाचा विषय आहे उत्तर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीत १६९२ मध्ये चाललेले चेटूक खटले. (या सेलमचा तमिळनाडूतील सेलम शहराशी संबंध नाही.) परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत या विषयावर दोन वाक्ये हमखास आढळतात. पहिले, 'सेलममध्ये चेटकिणींना जिवंत जाळले.' दुसरे, 'लोक अंधश्रद्धाळू होते म्हणून हे घडले.' पहिले वाक्य चूक आहे. सेलममध्ये कोणालाही जाळलेले नाही. इंग्रजी कायद्यात चेटुकासाठी फाशीची शिक्षा होती आणि तीच देण्यात आली. दुसरे वाक्य चूक नसले तरी अपुरे आहे. चेटुकावरचा विश्वास त्या वसाहतीत १६९२ च्या आधीही होता आणि नंतरही काही काळ टिकला. मग एवढे बळी त्याच एका वर्षात का गेले? या प्रश्नाचे उत्तर आपण शोधणार आहोत.

प्रथम आकडे लक्षात घ्या. दीडशे ते दोनशे लोकांवर आरोप झाले. १९ जणांना फाशी झाली. त्यांत १४ स्त्रिया आणि ५ पुरुष होते. एका वृद्ध पुरुषाचा अंगावर दगड रचून जीव घेण्यात आला. किमान ५ जण तुरुंगात मरण पावले. साधारण १४५० ते १७५० या तीन शतकांत युरोपात चेटुकाच्या आरोपावरून चाळीस ते पन्नास हजार लोकांना मृत्युदंड झाला, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या मानाने सेलमचा आकडा लहान आहे. तरीही या खटल्यांचा अभ्यास अधिक बारकाईने होतो. अटकेची वॉरंटे, प्राथमिक चौकशीच्या नोंदी, साक्षी, अर्ज अशी कागदपत्रे येथे मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहेत, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण असे की, ज्यांनी हे केले त्यांच्यापैकी काहींनी पुढे आपली चूक जाहीरपणे मान्य केली.

१. पार्श्वभूमी: प्युरिटन समाज आणि चेटुकाची कल्पना

प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये कॅथलिक पद्धतींचे अवशेष फार उरले आहेत, ते धुऊन काढावेत असे मानणारे प्रोटेस्टंट. १६३० पासून ते मोठ्या संख्येने मॅसॅच्युसेट्समध्ये येऊ लागले. आपल्या समाजाचा देवाशी करार झाला आहे, अशी त्यांची धारणा होती. समाज नीतीने वागला तर देव कृपा करील, ढळला तर शिक्षा करील. त्यामुळे दुष्काळ, रोगराई, युद्धातला पराभव यांना ते निव्वळ आपत्ती मानत नसत. ती देवाची नाराजी तरी असे किंवा सैतानाचा हल्ला तरी.

चेटकीण म्हणजे सैतानाच्या वहीत सही करून त्याची चाकरी पत्करलेली व्यक्ती. इंग्लंडमधील १६०४ च्या कायद्याने हा देहदंडाचा गुन्हा ठरवला होता. मॅसॅच्युसेट्सने १६४१ च्या आपल्या कायदेसंग्रहात बायबलच्या आधारे तीच शिक्षा ठेवली. १६४८ मध्ये मार्गारेट जोन्स आणि १६८८ मध्ये अ‍ॅन ग्लोव्हर यांना बॉस्टनमध्ये फाशी झाली होती. मात्र १६९२ पूर्वी या वसाहतीत चेटुकाचे अनेक आरोप न्यायालयात टिकत नसत. पुरावा अपुरा म्हणून आरोपी सुटत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

२. कारणे

अभ्यासाच्या सोयीसाठी कारणांचे चार गट करू.

(अ) राजकीय अस्थिरता: इंग्लंडच्या राजाने १६८४ मध्ये वसाहतीची मूळ सनद रद्द केली. १६८६ मध्ये सर एडमंड अँड्रॉस हा गव्हर्नर म्हणून आला. लोकांनी १६८९ मध्ये बंड करून त्याला कैद केले. त्यानंतर तीन वर्षे वसाहतीचे सरकार पक्क्या कायदेशीर आधाराविना चालले. नवी सनद घेऊन गव्हर्नर विल्यम फिप्स १४ मे १६९२ रोजी बॉस्टनला पोहोचला, तेव्हा तुरुंग आरोपींनी भरलेले होते. म्हणजे संशयाची लाट उसळली त्या महिन्यांत देहदंडाचे खटले चालवू शकेल असे अधिकृत न्यायालयच नव्हते. अटका होत राहिल्या, निकाल लागले नाहीत आणि आरोपींची संख्या फुगत गेली.

(आ) सरहद्दीवरील युद्ध: १६७५-७८ च्या युद्धात आणि १६८९ पासून फ्रेंच व त्यांचे मूलनिवासी मित्र यांच्याशी सुरू झालेल्या दुसऱ्या युद्धात उत्तरेकडील मेन प्रांतातील इंग्रज वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. जानेवारी १६९२ मध्ये यॉर्क या गावावर मोठा हल्ला झाला. तिकडून आलेले निर्वासित सेलमच्या परिसरात राहत होते. आरोप करणाऱ्या मुलींपैकी मर्सी लुईस ही मेनमधील हल्ल्यांत अनाथ झालेली मोलकरीण होती. इतिहासकार मेरी बेथ नॉर्टन यांनी २००२ मध्ये या दुव्यावर भर दिला. त्यांच्या मते, बाहेरच्या शत्रूला रोखता न आल्याची भीती आतला शत्रू शोधण्याकडे वळली.

(इ) गावातील भांडणे: सेलम शहर हे व्यापारी बंदर होते. त्याच्या आतल्या भागात काही मैलांवर सेलम व्हिलेज ही शेतकऱ्यांची वस्ती होती. व्हिलेजला स्वतःचे प्रार्थनागृह मिळाले, पण कारभार शहराच्याच हाती राहिला. पाद्री कोण असावा यावरून गाव सतत भांडे. १६७२ नंतरच्या सतरा वर्षांत तीन पाद्री येऊन गेले. चौथा सॅम्युअल पॅरिस १६८९ मध्ये आला. त्याचा पगार, सरपणाचा पुरवठा आणि राहत्या घराची मालकी यांवरून वाद पेटला. ऑक्टोबर १६९१ मध्ये त्याच्या विरोधकांनी गावसमिती ताब्यात घेतली आणि त्याच्या पगाराचा कर गोळा करायला नकार दिला. पॅरिसच्या बाजूला पटनम घराणे होते, तर विरोधात पोर्टर आणि त्यांचे सोयरे. पॉल बॉयर व स्टीफन निसेनबॉम यांनी १९७४ मध्ये दाखवले की, आरोप करणारे आणि आरोपी यांची विभागणी बरीचशी या गटांना धरून आहे. त्यांच्या नकाशातील काही तपशिलांवर पुढे आक्षेप घेतले गेले, पण गावातील वैर हा मुद्दा टिकून आहे.

(ई) स्त्रियांचे स्थान: आरोपींमध्ये स्त्रिया बहुसंख्य होत्या. कॅरल कार्लसन यांनी १९८७ मध्ये न्यू इंग्लंडच्या खटल्यांचा अभ्यास करून असे मांडले की, भाऊ किंवा मुलगा नसल्यामुळे ज्यांच्याकडे मालमत्ता आली किंवा येणार होती, अशा स्त्रियांना विशेष धोका होता. भांडखोर, गरीब, चर्चला न जाणाऱ्या स्त्रियांवरही संशय लवकर येई. सेलमचे पहिले आरोप अशांवरच झाले.

येथे एका लोकप्रिय उत्तराबद्दल सावध राहा. राय धान्यावर वाढणाऱ्या अरगट बुरशीच्या विषबाधेमुळे मुलींना भास झाले, असा तर्क १९७६ मध्ये मांडला गेला. त्याच वर्षी तो खोडणारा अभ्यासही प्रसिद्ध झाला. लक्षणे त्या विषबाधेशी नीट जुळत नाहीत. शिवाय हे झटके मुली न्यायालयात आरोपी समोर दिसताच यायचे आणि आरोपीने स्पर्श करताच थांबायचे. बुरशी असे वेळापत्रक पाळत नाही.

३. घटनाक्रम

जानेवारी १६९२ मध्ये पॅरिसची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि घरातील अकरा वर्षांची नातेवाईक अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना विचित्र झटके येऊ लागले. वैद्याने हा अघोरी शक्तीचा प्रकार असल्याचे निदान केले. लवकरच बारा वर्षांची अ‍ॅन पटनम आणि इतर मुलींनाही तसेच होऊ लागले. २९ फेब्रुवारीला तिघींच्या अटकेची वॉरंटे निघाली: दारोदार मागून खाणारी सेरा गुड, बरेच दिवस चर्चला न गेलेली सेरा ऑस्बोर्न आणि पॅरिसच्या घरची गुलाम स्त्री टिट्युबा.

टिट्युबाला कागदपत्रांत 'इंडियन' म्हटले आहे. ती आफ्रिकी होती ही समजूत नंतरच्या लेखकांची आहे. १ मार्चच्या चौकशीत आधी नकार देऊन तिने नंतर कबुली दिली. सैतानाच्या वहीत आपल्याला नऊ खुणा दिसल्या, असे ती म्हणाली. अटकेत तिघीच होत्या. मग उरलेल्या सहा कोण? या प्रश्नाने शोधाला दिशा दिली.

मार्च अखेरीपर्यंत संशय प्रतिष्ठितांपर्यंत पोहोचला. ७१ वर्षांची, धर्मनिष्ठ म्हणून ओळखली जाणारी रिबेका नर्स तुरुंगात गेली. सेरा गुडची चार-पाच वर्षांची मुलगी डॉरथी हिलाही साखळदंडात ठेवण्यात आले.

गव्हर्नर फिप्सने मे अखेरीस विशेष न्यायालय नेमले. मुख्य न्यायाधीश होता लेफ्टनंट गव्हर्नर विल्यम स्टाउटन. १० जूनला ब्रिजेट बिशप हिला पहिली फाशी झाली. १९ जुलैला पाच, १९ ऑगस्टला पाच आणि २२ सप्टेंबरला आठ जण फासावर गेले. १९ ऑगस्टच्या पाचांत जॉर्ज बरोज होता. तो स्वतः पाद्री, एकेकाळी सेलम व्हिलेजचाच. चेटकिणीला बायबलमधील प्रभूची प्रार्थना न चुकता म्हणता येत नाही, अशी समजूत होती. फाशीच्या शिडीवर उभ्या बरोजने ती अचूक म्हटली. जमाव चुळबुळला. पण घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅथर या बॉस्टनच्या पाद्र्याने लोकांची समजूत घातली आणि फाशी पार पडली.

सुमारे ऐंशी वर्षांच्या जाइल्स कोरीने या न्यायालयाकडून आपला खटला चालवून घ्यायला संमती दिली नाही. अशा आरोपीवर वजन ठेवून त्याला नमवण्याची जुनी इंग्रजी रीत होती. १९ सप्टेंबरला दगडांच्या भाराखाली तो मेला.

४. न्यायप्रक्रिया कुठे ढासळली?

हा या पाठाचा गाभा आहे. पुढील चार मुद्दे नीट समजून घ्या.

पहिला मुद्दा, छायेचा पुरावा. 'आरोपीची छाया रात्री माझ्याकडे आली, तिने मला चिमटे काढले, गळा दाबला,' अशी साक्ष न्यायालयाने ग्राह्य धरली. ही छाया फक्त पीडितेलाच दिसे. आरोपी त्या वेळी स्वतःच्या घरी झोपली होती हे सिद्ध केले तरी उपयोग नव्हता, कारण तक्रार तिच्या छायेबद्दल होती. कशानेही खोडता येणार नाही असा हा पुरावा होता. सैतान निरपराध माणसाचेही रूप घेऊ शकतो, अशी शंका पाद्र्यांनी जूनमध्येच लेखी कळवली होती. पण त्याच निवेदनात त्यांनी खटले जोमाने चालवण्याची शिफारसही केली. न्यायालयाने दुसरा भाग तेवढा उचलला.

दुसरा मुद्दा, कबुलीचे उलटे गणित. जवळपास पन्नास जणांनी कबुली दिली. कबुली देऊन तीवर ठाम राहिलेल्या एकालाही १६९२ मध्ये फाशी झाली नाही. कबुली देणारे पुढच्या नावांसाठी साक्षीदार म्हणून उपयोगी होते. फाशी झाली ती 'मी निर्दोष आहे' म्हणणाऱ्यांना. सॅम्युअल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, नंतर ती मागे घेतली आणि तो फासावर गेला. खोट्याने जीव वाचतो आणि खऱ्याने जातो, हे लोकांना कळून चुकले. पण प्युरिटन माणसाच्या दृष्टीने खोटी कबुली म्हणजे आत्म्याचा नाश. रिबेका नर्ससारख्यांपुढे हा खराखुरा पेच होता. त्यांनी जीव सोडला, सत्य सोडले नाही. प्रत्येक कबुलीबरोबर नवी नावे येत, म्हणून अँडोव्हर या शेजारच्या गावात तर सेलम व्हिलेजपेक्षाही अधिक लोकांवर आरोप झाले.

तिसरा मुद्दा, न्यायाधीशांचा पूर्वग्रह. रिबेका नर्सच्या बाजूने ३९ शेजाऱ्यांनी सह्यांचा अर्ज दिला होता. ज्यूरीने तिला आधी निर्दोष ठरवले. मुली किंचाळू लागल्या. स्टाउटनने ज्यूरीचे लक्ष तिच्या एका वाक्याकडे वेधले. कबुली दिलेली एक कैदी साक्षीला आलेली पाहून ती आपल्यापैकीच एक आहे, असे नर्स म्हणाली होती. आपल्यापैकी म्हणजे कैद्यांपैकी, असा तिचा अर्थ होता. ज्यूरीने खुलासा विचारला, पण कमी ऐकू येणाऱ्या त्या थकलेल्या म्हातारीला प्रश्नच कळला नाही. ती गप्प राहिली. निकाल फिरला.

चौथा मुद्दा, बचावाची साधने. तेव्हाच्या इंग्रजी पद्धतीत अशा गुन्ह्यांतील आरोपीला वकील मिळत नसे. न्यायाधीशांपैकी कोणीही कायद्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल हा एक न्यायाधीश कामकाजावर नाराज होऊन बाहेर पडला. बाकीचे राहिले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळा. विश्वास जुनाच होता, भांडणे जुनीच होती. याआधी न्यायालयांनी पुराव्याची जी चाळणी लावली होती, ती १६९२ मध्ये काढून टाकली गेली. भीती समाजाने पुरवली, पण तिचे रूपांतर फाशीत केले ते न्यायालयाने.

५. खटले कसे थांबले?

ऑक्टोबर १६९२ मध्ये वारे बदलले. कॉटनचे वडील आणि हार्वर्डचे अध्यक्ष इन्क्रीज मॅथर यांनी छायेच्या पुराव्याविरुद्ध लेखन केले. अनेक संशयित सुटले तरी चालतील पण निर्दोषाचा बळी जाऊ नये, हे तत्त्व त्यांनी मांडले. त्यांचा चेटुकावर विश्वास होताच. आक्षेप पुराव्याच्या पद्धतीवर होता. बॉस्टनचा व्यापारी टॉमस ब्रॅटल याने पत्र लिहून न्यायालयाच्या तर्कावर कडक टीका केली. आरोप वरच्या वर्गापर्यंतही पोहोचले होते. खुद्द गव्हर्नरच्या पत्नीचे नाव घेतले गेले.

फिप्सने नव्या अटका थांबवल्या आणि ऑक्टोबर अखेरीस विशेष न्यायालय बरखास्त केले. जानेवारी १६९३ पासून नव्या वरिष्ठ न्यायालयाने उरलेले खटले चालवले. न्यायाधीश बरेचसे तेच होते, स्टाउटनही होता. फक्त छायेचा पुरावा आता चालत नव्हता. परिणाम पाहा: पन्नासहून अधिक आरोपींपैकी तिघेच दोषी ठरले आणि त्यांचीही फाशी फिप्सने रोखली. एक नियम बदलताच तेच न्यायाधीश वेगळे निकाल देऊ लागले.

मे १६९३ पर्यंत कैद्यांच्या सुटकेचा आदेश निघाला. मात्र तुरुंगातील राहण्याचा व जेवणाचा खर्च भरल्याशिवाय कोणालाही सोडत नसत. टिट्युबाचा खर्च भरायला पॅरिस तयार नव्हता. ज्याने पैसे भरले त्याच्या मालकीची होऊन ती निघून गेली. पुढे तिचे काय झाले याची नोंद नाही.

६. परिणाम: क्षमा, भरपाई आणि स्मृती

१४ जानेवारी १६९७ हा दिवस वसाहतीने उपवास व प्रायश्चित्ताचा म्हणून पाळला. त्या दिवशी न्यायाधीश सॅम्युअल सीवॉल बॉस्टनच्या चर्चमध्ये सर्वांसमोर उभा राहिला आणि पाद्र्याने त्याचा कबुलीजबाब वाचून दाखवला. दोष आणि लाज आपण स्वतःवर घेतो, असे त्यात होते. बारा ज्यूरींनीही लेखी क्षमा मागितली. स्टाउटनने कधीच मागितली नाही. पॅरिसला गाव सोडावे लागले. १७०६ मध्ये अ‍ॅन पटनम हिने चर्चमध्ये क्षमा मागितली, विशेषतः रिबेका नर्सच्या कुटुंबाची. तरीही आपण हे सैतानाच्या भुलीने केले, वैरापोटी नव्हे, असे तिचे म्हणणे होते. या फरकावर विचार करा: सीवॉलने दोष स्वतःकडे घेतला, अ‍ॅनने तो सैतानाकडे दिला.

१७११ मध्ये विधिमंडळाने २२ जणांवरील दोषारोप रद्द केले आणि कुटुंबीयांना ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली. ज्यांच्यासाठी अर्ज करणारे कोणी नव्हते त्यांची नावे या यादीत आली नाहीत. १९५७ च्या ठरावात एकच नाव स्पष्टपणे होते. ब्रिजेट बिशपसह आणखी पाच नावे २००१ मध्ये घातली गेली. शेवटचे नाव एलिझाबेथ जॉन्सन हिचे. जानेवारी १६९३ मध्ये दोषी ठरलेल्या तिघांपैकी ती एक. तिला वंशज नव्हते. नॉर्थ अँडोव्हरमधील शाळकरी मुलांनी आपल्या शिक्षिकेबरोबर पाठपुरावा केला, तेव्हा २०२२ मध्ये तिचे नाव निर्दोष ठरले.

सेलम व्हिलेजने १७५२ मध्ये डॅन्व्हर्स हे नाव घेतले. चौकशी करणारा मॅजिस्ट्रेट जॉन हॅथॉर्न याचा वंशज, कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न, याच्या लेखनात पूर्वजांच्या पापाचे ओझे वारंवार दिसते. आर्थर मिलरने १९५३ मध्ये 'द क्रूसिबल' हे नाटक लिहिले. तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकश्या चालू होत्या आणि इतरांची नावे सांगणाऱ्यांना सूट मिळत होती.

भारताशी एक धागा: सेलम शहराच्या चर्चचा वृद्ध पाद्री जॉन हिगिन्सन याची मुलगी अ‍ॅन डॉलिव्हर हिच्यावर १६९२ मध्ये चेटुकाचा आरोप झाला. त्याच वर्षी त्याचा मुलगा नॅथॅनिएल हिगिन्सन मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला. मद्रासचा पहिला महापौरही तोच. सेलम हे जगापासून तुटलेले खेडे नव्हते, हे यावरून लक्षात येईल.

७. समारोप

राजकीय पोकळी, युद्धाची भीती, गावातले वैर आणि स्त्रियांचे दुबळे स्थान या कारणांनी आरोप पेरले गेले. त्यांचे पीक आले ते न खोडता येणारा पुरावा मान्य झाला, नाकारणाऱ्याला शिक्षा आणि कबूल करणाऱ्याला सूट मिळाली तेव्हा. 'लोक अंधश्रद्धाळू होते' असे लिहून थांबलात तर रिबेका नर्ससाठी सही करणारे ३९ शेजारी तुमच्या उत्तरातून गळून पडतात. त्यांचाही चेटुकावर विश्वास होता. तरी त्यांनी जे पाहिले होते त्यावर भरवसा ठेवला आणि धोका पत्करून नाव लिहिले.

स्वाध्याय

१. 'छायेचा पुरावा' म्हणजे काय? तो खोडून काढणे अशक्य का होते?
२. १६९२ चे विशेष न्यायालय आणि १६९३ चे वरिष्ठ न्यायालय यांच्या निकालांची तुलना करा. यावरून कोणता निष्कर्ष काढता येतो?
३. सॅम्युअल सीवॉल आणि अ‍ॅन पटनम यांच्या क्षमायाचनेतील फरक स्पष्ट करा.
४. सेलममध्ये कायदा आरोपीविरुद्ध उभा होता. बिहारचा १९९९ चा आणि महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा अशा आरोपांना बळी पडणाऱ्यांच्या बाजूने उभा राहतो. हा फरक लक्षात घेऊन, दोन्हीकडील आरोपांमागील सामाजिक कारणांत काय साम्य दिसते ते तुमच्या राज्यातील माहितीच्या आधारे लिहा.